कॅरोटिड स्टेंट मनगटातून : आधी महाधमनीची कमान पाहा

मा. संपादक,
स. न.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतील कॅरोटिड धमनीत मनगटावाटे स्टेंट बसवल्याच्या बातम्या अलीकडे अधूनमधून छापून येतात. ‘जांघेला छिद्र नाही, दुसऱ्या दिवशी रुग्ण घरी’ असा त्यांचा सूर असतो. बातमी खोटी नसते, पण अपुरी असते. ती वाचलेले नातेवाईक ‘आमच्या वडिलांचेही मनगटातूनच करा’ असा आग्रह धरतात आणि काही डॉक्टरही तो उत्साहाने उचलून धरतात. खरे तर रस्ता कोणता हे रुग्णाच्या हात, खांदा आणि छातीतील धमन्यांची घडण ठरवते. ही घडण आधी बघून ठेवता येते. आपल्याकडे नेमके तेवढेच पुष्कळदा राहून जाते, म्हणून हे सविस्तर पत्र.

मनगटाचा रस्ता आला हृदयाकडून. कॅनडातील लुसियँ कँपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून केलेल्या हृदयाच्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधील फर्डिनांड कीमेनाय यांनी त्याच रस्त्याने अँजिओप्लास्टी सुरू केली. आज हृदयासाठी तो राजमार्ग आहे. मात्र हृदयाच्या धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात. उजव्या हातातून आलेला कॅथेटर (धमनीतून सरकवायची बारीक नळी) खांद्यावरून छातीत उतरतो आणि उतरता उतरताच त्या मुळाशी पोचतो. कॅरोटिड धमनी मानेत वर जाते. म्हणजे हातातून खाली आलेल्या कॅथेटरला छातीत उलटे वळून पुन्हा वर चढायचे असते. जांघेतून आलेला कॅथेटर महाधमनीतून वरच येत असतो, कमान ओलांडून त्याला वरच जायचे असते. एवढ्या एका फरकातून पुढची सगळी गुंतागुंत निघते.

मग मनगट हवेच कशाला? कारण आहे. कॅरोटिड स्टेंटच्या रुग्णाला अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे चालू असतात, वर प्रक्रियेत रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले जाते. अशा माणसाच्या जांघेत, विशेषतः तो स्थूल असेल तर, रक्त साकळू शकते. ते पोटाच्या मागच्या बाजूला शिरले तर तासभर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय कॅरोटिडमध्ये चरबी साठलेल्या माणसाच्या पोटातल्या आणि पायाच्या धमन्याही अनेकदा खराब असतात, मग जांघेतून वाटच नसते. मनगटाची धमनी हाडावर असते, बोटाने दाबली की रक्त थांबते. पण दुसरी बाजूही पाहा. हंगेरीत झालेल्या ‘रॅडकार’ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत २६० रुग्णांची मनगट आणि जांघ अशा दोन गटांत विभागणी होती. मनगटाच्या गटात १० टक्के रुग्णांत ऐनवेळी रस्ता बदलावा लागला, जांघेच्या गटात दीड टक्क्याच्या आसपास. धमनीच्या मोठ्या इजा दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत होत्या आणि क्ष-किरणांचा डोस मनगटाच्या गटात जास्त होता. हे काम त्यात हात बसलेल्या डॉक्टरांचे होते. म्हणजे तरबेज हातांतही दहातल्या एका रुग्णात शरीराची घडण आडवी आली.

आता मनगटापासून वर जाऊ. पहिला प्रश्न मापाचा. प्रौढ माणसाच्या मनगटातील रेडियल धमनीचा आतला व्यास साधारण २.२ ते २.८ मि.मी. असतो. स्त्रियांत, ठेंगण्या माणसांत आणि मधुमेहींत तो कमी भरतो. कॅथलॅबमध्ये नळ्यांची मापे ‘फ्रेंच’ या एककात बोलतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मि.मी. इथे नवखे लोक हमखास फसतात : कॅथेटरवरचा आकडा बाहेरचा व्यास सांगतो, शीथवरचा (जिच्या आतून बाकी साधने सरकवतात त्या बाहेरच्या नळीवरचा) आतला. ६ फ्रेंचचा गाइड कॅथेटर बाहेरून २ मि.मी. असतो, पण ६ फ्रेंचची लांब शीथ बाहेरून २.६ ते २.८ मि.मी. भरते. बहुतेक कॅरोटिड स्टेंटना ६ फ्रेंचची शीथ किंवा ८ फ्रेंचचा गाइड कॅथेटर लागतो आणि ८ फ्रेंचचा गाइड बाहेरून जवळजवळ २.७ मि.मी. असतो. हृदयाची अँजिओग्राफी ५ फ्रेंचमध्ये सहज झाली म्हणून मानेचा स्टेंट त्याच मनगटातून सहज होईल, हे गणित इथेच कोलमडते. जपानच्या सायतो यांनी १९९९ मध्ये दाखवले होते की शीथचा बाहेरचा व्यास धमनीच्या आतल्या व्यासाहून मोठा असला, तर नंतर धमनीतला प्रवाह बराच घटण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर जाते. त्यामुळे सुई टोचण्याआधी मनगटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून व्यास मोजावा. दोन मिनिटांचे काम आहे. २ मि.मी.पेक्षा बारीक धमनीत ही शीथ घालू नये, असे आमचे मत आहे. आखूड शीथ न वापरता लांब शीथ तिच्याच डायलेटरवर (वाट रुंद करणाऱ्या टोकदार नळीवर) थेट सरकवली, तर बाहेरचे आणखी एक आवरण वाचते.

रेडियल धमनी चिडखोर असते. तिच्या भिंतीत स्नायू भरपूर, त्यामुळे ती आकसते आणि नळीला घट्ट धरून बसते. त्यावर व्हेरापामिल २.५ ते ५ मि.ग्रॅ. आणि नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम शीथमधून देतात. व्हेरापामिल जळजळते, म्हणून ते रुग्णाच्याच रक्तात मिसळून हळू सोडावे. हृदयाच्या कामात ही मात्रा कोणी फारसा विचार न करता देतो. कॅरोटिडच्या रुग्णात मात्र विचार हवा. मानेची धमनी ८०-९० टक्के बंद असताना रक्तदाब एकदम खाली आला तर मेंदूचा तो भाग उपाशी राहतो. शिवाय पुढे फुगा फुगवताना कॅरोटिड सायनस (धमनीतली रक्तदाब ओळखणारी जागा) दाबला जाऊन नाडी मंदावणारच असते, त्यात व्हेरापामिलची भर नको. मात्रा कमी ठेवावी, रक्तदाब पडद्यावर बघत द्यावी. आणि धमनीने शीथ पकडली तर ओढू नये. गुंगीचे औषध, हातावर गरम कापड, पुन्हा थोडे नायट्रोग्लिसरीन आणि वाट पाहणे, हाच क्रम. जोर लावणाऱ्याच्या हातात शीथबरोबर धमनीचा तुकडा येऊ शकतो.

कोपरापर्यंतच्या टप्प्यात जन्मजात वेगळेपणा भेटतो. ब्रिटनमधील १५४० रुग्णांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १४ टक्के रुग्णांच्या धमनीत काही ना काही निराळे होते. सात टक्क्यांत रेडियल धमनी कोपरापाशी न फुटता वर दंडात किंवा काखेजवळच वेगळी झालेली होती. अशी धमनी लांबच लांब आणि बारीक असते, पातळ कॅथेटर जातो, जाड शीथ अडकते. सव्वादोन टक्क्यांच्या आसपास रुग्णांत कोपराखाली धमनीचा पूर्ण वेटोळा होता आणि त्यांतल्या तिघांपैकी एकाहून अधिक जणांत मनगटाची प्रक्रिया फसली. वेटोळ्याच्या माथ्यावरून एक बारीक शाखा सरळ वर जाते. गाइडवायर (नळीच्या पुढे जाणारी वाटाडी तार) वेटोळ्यात न वळता तिच्यात शिरते. पडद्यावर वायर छान सरळ दंडाकडे चाललेली दिसते, पण ती भलत्याच धमनीत असते. पुढे ढकलली की ती शाखा फाटते, हातात रक्त साकळते आणि दाब वाढून स्नायू मरण्याची वेळ येऊ शकते. म्हणून जरा अडखळले की थांबून २-३ मि.लि. डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून चित्र घ्यावे. ०.०१४ इंची वायरने वेटोळा ओलांडून, कॅथेटर फिरवत मागे ओढून तो सरळ करता येतो, हे खरे आहे. पण सरळ केलेल्या वेटोळ्यातून पावणेतीन मि.मी.ची ताठ शीथ घालणे हा हट्ट आहे. पूर्ण वेटोळा दिसला की मानेच्या स्टेंटसाठी तो हात सोडून द्यावा.

खांद्यातली सबक्लेव्हियन धमनी वयस्कर, ठेंगण्या आणि जुना रक्तदाब असलेल्या माणसांत नागमोडी होते. तिथे रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली जातो, त्यासोबत महाधमनी आणि तिच्या फांद्या खाली ताणल्या जातात, वळण सुटते आणि वायर पुढे सरकते. युक्ती उत्तम, पण रुग्ण अर्धा तास श्वास धरून बसणार नाही. श्वास सोडला की वळण परत येते आणि शीथचे टोक मागे सरकते. श्वासाशिवाय शीथ जागेवर राहत नसेल तर स्टेंट उघडण्याच्या क्षणी ती दगा देणार, हे धरूनच चालावे.

शंभरात एखाद्या माणसात उजवी सबक्लेव्हियन धमनी कमानीच्या पहिल्या फांदीतून न निघता कमानीची शेवटची फांदी म्हणून निघते आणि अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. तिला आर्टेरिया लुसोरिया म्हणतात. उजव्या मनगटातून घातलेली वायर पुन्हा पुन्हा छातीत खाली उतरणाऱ्या महाधमनीकडेच जात राहिली तर हिचा संशय घ्यावा. या रस्त्याने कॅरोटिड गाठायचा प्रयत्न करू नये.

खरा निकाल कमानीपाशी लागतो. हृदयातून निघालेली महाधमनी वर जाऊन डावीकडे वळते आणि पाठीशी खाली उतरते. या वळणावरून बहुतेकांत तीन फांद्या निघतात : पहिली इनॉमिनेट, जी पुढे उजव्या हाताची सबक्लेव्हियन आणि उजवी कॅरोटिड अशी दुभंगते, मग डावी कॅरोटिड, मग डाव्या हाताची सबक्लेव्हियन. तरुणपणी कमान रुंद आणि सपाट असते. वय आणि रक्तदाब वाढतात तशी महाधमनी लांबते, कमानीचा माथा वर चढतो आणि फांद्यांची मुळे उताराला लागतात. माथ्यापासून इनॉमिनेटचे मूळ किती खाली आहे, हे डाव्या कॅरोटिडच्या रुंदीच्या पटीत मोजतात. एका रुंदीच्या आत असेल तर पहिला प्रकार, एक ते दोनमध्ये दुसरा, दोनच्या पुढे तिसरा. जांघेतून काम करणाऱ्याला तिसऱ्या प्रकाराची धास्ती असते, कारण माथा ओलांडून खाली उतरायचे आणि लगेच पुन्हा वर वळायचे असते.

मनगटाचा खरा उपयोग इथे आहे आणि बातम्यांत तो कधी येत नाही. उजव्या मनगटातून उजव्या कॅरोटिडमध्ये जाताना कमान ओलांडावीच लागत नाही. कॅथेटर सबक्लेव्हियनमधून इनॉमिनेटच्या दुभाजनापर्यंत येतो आणि तिथूनच वर वळतो. कमान कितीही तीव्र असो, तिच्याशी फारसा संबंध येत नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, तिसऱ्या प्रकारची कमान, तिच्या आतल्या बाजूला चुन्याचे आणि चरबीचे थर, आजार उजव्या कॅरोटिडमध्ये : इथे मनगट ही सोय म्हणून निवडायची गोष्ट उरत नाही, तोच बरा रस्ता ठरतो. मात्र सबक्लेव्हियन आणि उजवी कॅरोटिड यांच्यातला कोन बघावा. तो फार अरुंद असेल तर कॅथेटरला जवळजवळ उलटे फिरावे लागते आणि ताठ शीथ त्या वळणावर चेपते.

डाव्या कॅरोटिडचे दोन प्रकार पडतात. दहा ते वीस टक्के लोकांत डावी कॅरोटिड इनॉमिनेटच्या मुळालाच चिकटून किंवा इनॉमिनेटमधूनच निघते. याला बोव्हाइन आर्च म्हणतात. इनॉमिनेटमधूनच निघत असेल तर उजव्या हातातून आलेला कॅथेटर एका मोकळ्या वळणाने तिच्यात शिरतो. हीच कमान जांघेतून मात्र त्रासदायक असते, इतकी की डॉक्टर घामाघूम होतो आणि शीथ वारंवार निसटते. बोव्हाइन आर्च आणि डावीकडचा आजार असेल तर उजवे मनगट, यावर आमचे दुमत नाही.

उरली डावी कॅरोटिड आणि तीन स्वतंत्र फांद्यांची कमान, म्हणजे बहुसंख्य लोक. मनगटाचे सर्वाधिक अपयश इथेच पडते. कॅथेटर इनॉमिनेटमधून महाधमनीत उतरतो आणि त्याच्या शेजारच्याच फांदीत वर जायला त्याला केसाच्या आकड्यासारखे वळावे लागते. दोन्ही मुळे जितकी जवळ आणि मधला कोन जितका अरुंद, तितके काम अवघड. यासाठी सिमन्स हा उलट्या वाकाचा कॅथेटर वापरतात. त्याचा वाक आधी महाधमनीत, हृदयाच्या झडपेला हलके टेकवून किंवा खाली उतरणाऱ्या महाधमनीत वायर नेऊन, तयार करावा लागतो. मग तो मागे ओढला की टोक डाव्या कॅरोटिडमध्ये शिरते. इथपर्यंत बहुधा जमते आणि सगळ्यांना वाटते, झाले. पण सिमन्समधून ताठ वायर बाह्य कॅरोटिडमध्ये रोवून तिच्यावरून शीथ ढकलायला लागले, की बळ वर जातच नाही. शीथचा मधला भाग हृदयाकडच्या महाधमनीत खाली लोंबतो, टोक कॅरोटिडमधून बाहेर पडते, वायरही सुटते. मागे आधाराला भिंत नसते, हे त्याचे साधे कारण. डाव्या मनगटाने हा प्रश्न सुटत नाही. डावी सबक्लेव्हियन डाव्या कॅरोटिडच्या पलीकडून उतरते, वळण तेवढेच उलटे राहते.

वायर बाह्य कॅरोटिडमध्येच का रोवतात, हेही सांगायला हवे. मानेत सामाईक कॅरोटिड आतली आणि बाह्य अशी दुभंगते. मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या कॅरोटिडमध्ये आजार असतो. सुटलेले कण अडवणारा फिल्टर लावण्याआधी तिथून ताठ वायर नेली तर चरबीचा कण सुटून मेंदूत जाईल. चेहऱ्याकडे जाणारी बाह्य कॅरोटिड त्या मानाने निर्धोक. ती बंद असेल किंवा आजार दुभाजनाच्या खाली सामाईक कॅरोटिडमध्येच असेल, तर वायरला नांगर टाकायला जागाच नाही. अशा रुग्णात मनगटाचा आग्रह आणखी कमी करावा. शीथचे टोक शेवटी दुभाजनाच्या २-३ सें.मी. खाली स्थिर राहायला हवे. लांबीचाही हिशेब आधी करावा. ९० सें.मी.ची शीथ उजवीकडे बहुधा पुरते, पण उंच माणसात, नागमोडी रस्त्याने डावीकडे जाताना ती कमी पडू शकते.

आतली कॅरोटिडच वेडीवाकडी असेल, फिल्टर ठेवायला वर सरळ जागा नसेल किंवा चुन्याचे कडे पूर्ण गोल असेल, तर प्रश्न रस्त्याचा राहत नाही. तिथे मानेतली धमनी उघडून साफ करण्याच्या शस्त्रक्रियेचाच विचार करावा. स्टेंट आणि शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या २०१० च्या ‘क्रेस्ट’ चाचणीत सुरुवातीच्या काळातला पक्षाघात स्टेंटच्या गटात ४.१ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्के होता, हृदयविकाराचे झटके मात्र शस्त्रक्रियेत जास्त होते. सत्तरीपुढच्या माणसांत शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. वृद्धांची बिघडलेली कमान आणि वळणदार धमन्या हे त्याचे एक कारण मानले जाते.

फसलेल्या प्रयत्नाची किंमत फक्त वेळेत मोजू नये. कमानीच्या आत चरबीचे थर असतात. सिमन्स तिथे फिरतो, सुटतो, पुन्हा फिरतो, तेव्हा कण सुटतात आणि कुठल्याही बाजूच्या मेंदूत जाऊ शकतात, आजार नसलेल्या बाजूच्याही. म्हणून थांबण्याची रेषा आधी ठरवावी. शीथ दोनदा निसटली किंवा फक्त कमानीपाशीच क्ष-किरणांखाली वीस मिनिटे गेली, तर मनगट सोडावे, असा दंडक आम्ही सुचवतो. आकडा कोणी पंधरा धरील, कोणी पंचवीस. टेबलावर उभे राहून तो ठरवू नये, एवढेच. आणि त्यासाठी पहिल्यापासून जांघ स्वच्छ करून, निर्जंतुक चादर घालून तयार ठेवलेली असावी.

हे सगळे आधी कळायला एकच तपासणी पुरेशी असते : सीटी अँजिओग्राफी. ती बहुतेक रुग्णांची झालेलीच असते. पण ‘नेक अँजिओ’ लिहिलेल्या चिठ्ठीवर काही केंद्रे मानेपासूनच स्कॅन सुरू करतात, कमान चित्रात येतच नाही. चिठ्ठीवर ‘कमानीच्या खालून कवटीपर्यंत’ असे स्पष्ट लिहावे. डाय उजव्या हाताच्या शिरेतून द्यावा. डाव्या हातातून दिला तर छातीत आडव्या जाणाऱ्या शिरेत तो दाट साठतो आणि फांद्यांची मुळे नेमकी त्या चकाकीत झाकली जातात. आमच्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना विनंती आहे. अहवालात ‘उजवी आतली कॅरोटिड ८० टक्के अरुंद’ एवढ्यावर थांबू नका. कमानीचा प्रकार, बोव्हाइन आहे की नाही, लुसोरिया आहे की नाही, कमानीच्या भिंतीत थर किती, सबक्लेव्हियनला वळणे किती आणि बाह्य कॅरोटिड उघडी आहे का, या चार ओळी लिहा. चित्र तुमच्यासमोर असतेच, वेगळे पैसे लागत नाहीत.

रुग्णांनी व नातेवाइकांनी ‘मनगटातून कराल का’ ऐवजी ‘सीटीत कमान दिसली का, ती कशी आहे’ असे विचारावे. संमतिपत्रावर मनगट आणि जांघ दोन्ही लिहिलेली असावीत. प्रक्रियेनंतर मनगटावर पट्टा बांधतात. तो इतका घट्ट नसावा की खालचा प्रवाहच थांबेल. रक्त गळणे थांबेल, पण धमनी वाहती राहील, एवढाच दाब ठेवतात. अंगठ्यावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून, करंगळीकडची धमनी दाबूनही पडद्यावर लाट दिसते का, हे पाहतात. न दिसली तर पट्टा सैल करतात. हे न केल्यास धमनी गपचूप बंद होते. करंगळीकडच्या धमनीमुळे हाताला सहसा काही होत नाही, पण पुढच्या वेळी तो रस्ता मिळत नाही.

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णांनी एक गोष्ट स्वतःहून सांगावी. पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल तर फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांच्या जोडासाठी) हीच मनगटाची धमनी लागते, आणि बायपासमध्ये काही सर्जन हीच काढून वापरतात. अशा माणसाची कमान कितीही अनुकूल असली, तरी मनगटाला हात लावण्याआधी नेफ्रोलॉजिस्टला विचारावे, आणि हे विचारणे स्टेंटची तारीख ठरवण्याच्या आधी व्हावे.

आपले,
मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे काम करणारे दोन डॉक्टर